साडेचार रुपयांची माडी

जुन्या कागदांची डागडुजी करणे आणि मोडी मजकूर वाचून देणे हे माझे काम असून माझी कार्यशाळा नागपुरात महाल भागात आहे. कोकणातला कागद ओलाव्याने आणि बुरशीने खराब होतो, तर आमच्याकडे तो मे महिन्यात इतका कोरडा पडतो की उलगडताना घडीवरच तुटतो. गेल्या उन्हाळ्यात धरमपेठेतील एक वयस्कर काका लाल रुमालात बांधलेले जे दप्तर घेऊन आले, त्याने या दोन्ही हवा सोसल्या होत्या. काकांचे वडील रेल्वेच्या नोकरीनिमित्त कोकणातील एका छोट्या बंदरगावातून नागपुरात आले आणि येताना घरच्या चोपड्या सोबत घेऊन आले. त्या गावातील मंडळी आता नगरपालिकेच्या जुन्या जांभ्याच्या सभागृहाविषयी पुस्तिका काढणार होती, आणि गावाला पहिले सभागृह आपल्या पणजोबांनी दिले, असे काकांच्या घरात पिढ्यानपिढ्या सांगितले जात होते. त्याचा लेखी पुरावा त्यांना हवा होता.

दप्तरातली कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची चोपडी, फारच कडक झाली होती. काजळाची शाई पाण्याने पसरू शकते, म्हणून आधी एका कोपऱ्यावर थेंब टाकून पाहिला, मग ओल्या टीपकागदावर जाळी ठेवून, तिच्यावर चोपडी ठेवून पेटी बंद केली. पाने हळूहळू मऊ होत गेली, तशी माझ्या मदतनीस मुलीने नोंदींची यादी केली. तिच्या यादीत म्युनिसिपालिटीच्या नावावर वर्षभर दरमहा ४११ रुपयांची रक्कम होती. बारा महिन्यांचे ४,९३२ रुपये होतात, आणि त्या काळी एवढ्या पैशात एक चांगली इमारत नक्कीच उभी राहिली असती. मी मूळ पान न पाहता, केवळ यादीवर विसंबून, सकाळीच काकांना फोन करून ही बातमी दिली. ते इतके आनंदले की त्यांना बोलणे सुचेना. ही चूक सर्वस्वी माझी होती.

दुपारी वर्षअखेरचे पान सुटले. तिथे त्याच खात्याची बेरीज होती ५४. क्षणभर मला वाटले की पान दुसऱ्याच चोपडीचे आहे. मग मी नोंदी स्वतः वाचायला घेतल्या. जिथे यादीत ४११ लिहिले होते, तिथे मूळ कागदावर चारच्या आकड्यापुढे दोन उभे दंड होते. आपल्या जुन्या हिशेबात रुपयाच्या आकड्यापुढचा एक उभा दंड म्हणजे पाव रुपया, दोन दंड म्हणजे आठ आणे. म्हणजे रक्कम साडेचार रुपये होती, आणि साडेचार गुणिले बारा बरोबर चोपन्न होतात. शिवाय नोंदी नावेच्या, म्हणजे खर्चाच्या, बाजूला नव्हत्या, जमेच्या बाजूला होत्या. पणजोबांनी पैसे दिले नव्हते, घेतले होते. नोंदीतले शब्द असे होते: वखारीवरील माडीचे भाडे, म्युनिसिपालिटीच्या सभेकरिता.

त्यानंतर मी शकाचा हिशेब केला. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो (चैत्राच्या आरंभापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या नोंदींना हे गणित लागू पडते, त्यानंतरच्या नोंदींना ७९ मिळवावे लागतात), आणि हे वर्ष जांभ्याच्या इमारतीवर कोरलेल्या सालाच्या सात वर्षे आधीचे निघाले. म्हणजे गाव ज्या इमारतीला पहिले सभागृह म्हणते, ती पहिली नव्हेच. विचार केला तर यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. १८५० चा २६ वा कायदा असो की मुंबई इलाख्याचा १८७३ चा जिल्हा म्युनिसिपल कायदा, कायद्याने नगरपालिका निर्माण होत असे, इमारत नव्हे. रत्नागिरी आणि वेंगुर्ले येथील नगरपालिका १८७६ सालच्या आहेत, आमची नागपूरची १८६४ ची. पण लहान गावांत जकात व घरपट्टीचे उत्पन्न आधी रस्ते, विहिरी, झाडलोट आणि दिवाबत्तीवर खर्च होई. सभासदांना बसायला माडी मिळाली तरी काम भागत असे. या माडीखाली सुके खोबरे आणि दोरखंड साठवलेले असत, हे त्याच कीर्दीवरून कळते. पुढच्या एका नोंदीत सतरंजी आणि दिव्याचे तेल आहे, आणि वैशाखात शाकारणीची मजुरी आहे. मला ती शाकारणीची नोंद सर्वांत मोलाची वाटते, कारण पावसाआधी छप्पर पुन्हा लावले गेले, म्हणजे त्या पावसातही तिथे सभा भरणार होत्या.

संध्याकाळी काका आले तेव्हा मी सकाळची चूक त्यांना आधी सांगितली आणि मग पान समोर ठेवले. कूलरच्या आवाजात ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

“म्हणजे ताई, आमच्या पणजोबांनी गावाकडून भाडं घेतलं?”

“घेतलं, काका. पण गाव पहिल्यांदा बसलं ते त्यांच्याच माडीवर, आणि हे सांगणारा कागद फक्त तुमच्याकडे आहे.”

त्यांनी मला एकेका आकड्यावर बोट ठेवायला लावले आणि बारा महिने स्वतः मोजले. पुस्तिकेसाठी द्यायचे टिपण मी आधीच लिहून ठेवले होते. त्यांचे मन दुखावू नये म्हणून त्यात मी ‘माडी सभेसाठी उपलब्ध करून दिली’ असे मोघम शब्द घातले होते. काकांनी माझे पेन मागून घेतले, ते शब्द खोडले, त्यांच्या जागी ‘दरमहा साडेचार रुपये भाड्याने दिली’ असे लिहिले आणि खाली सही केली.