नववीत बसवून ठेवायला काय हरकत आहे?

निकालाचे दिवस आले की पुण्यातले पालक आणि काही शिक्षकही हेच विचारतात: "कच्च्या मुलाला नववीत आणखी एक वर्ष बसवलं तर पाया पक्का होईल ना? नाहीतर १७ नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा) आहेच." दर वेळी तुटक उत्तर देऊन कंटाळले. आज नीट लिहिते.

नववीच्या बीजगणितातलं हे उदाहरण बघा: ३क्ष + २य = १२ आणि ३क्ष − य = ३. दुसरं समीकरण पहिल्यातून वजा करायचं. २य − (−य) म्हणजे ३य, म्हणून य = ३ आणि क्ष = २. कच्चं मूल तिथे २य − य करतं आणि य = ९ लिहितं. पहिल्या समीकरणातून त्याला क्ष = −२ मिळतो. दुसऱ्यातून ४ आला असता, पण ताळा करायची सवयच नसते. रीत बरोबर, मांडणी बरोबर, उत्तर चूक. ही चूक समीकरणांची नाही. सहावीत शिकायची ऋण संख्यांची वजाबाकी राहून गेली आहे. आता या मुलाला पुन्हा नववीत बसवा. जूनपासून एप्रिलपर्यंत त्याला पुन्हा समीकरणंच शिकवली जातील, सहावीच्या त्या धड्याला वेळापत्रकात एकही तास नसेल. मग पाया पक्का होणार कधी? आणि १७ नंबर भरला, की ज्याला रोज शिकवायची सर्वांत जास्त गरज, त्याचाच वर्ग सुटतो. शाळेचा निकाल तेवढा स्वच्छ राहतो.

परीक्षा सोपी करा, असं मी म्हणत नाही. ३५ची रेघ आहे तिथेच राहू दे.

पूर्वी मीच म्हणायचे, कच्च्या मुलांची वेगळी तुकडी करा. ते चुकलं. त्या तुकडीला ऑफ तास (शिक्षक नसल्यानं मोकळे जाणारे) जास्त येतात, प्रश्न सोपे होत जातात आणि मुलं वर्षभर तिथेच अडकतात.

त्याऐवजी जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात प्रत्येक मुलाची दहा मिनिटं तोंडी तपासणी करा: एक उतारा वाचून सांगणं, भागाकार, अपूर्णांक, ऋण संख्या. साठ मुलं आणि पाच शिक्षक असले तर प्रत्येकाचे दोन तास जातात, फार नाही. मग आठवी-नववीच्या सगळ्या तुकड्यांना रोज एकाच वेळी एक समांतर तासिका द्या. त्या तासाला तुकड्या मोडायच्या आणि जे राहिलंय त्याप्रमाणे गट करायचे. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायचं आणि गट बदलायचेच. न बदलणारा गट म्हणजे पुन्हा तीच तुकडी.

शाळा सुटल्यावर जादा तास घेऊ, असं म्हणू नका. पेठांतल्या दोन सत्रांच्या शाळांत दुपारी त्याच वर्गात दुसरं सत्र बसतं, आणि लांबून येणाऱ्या मुलांना पीएमपीची बस पकडायची असते. तास वेळापत्रकातच हवा, आणि गैरहजर शिक्षकांचे ऑफ तास भरून काढण्यात तो जाणार नाही, हे मुख्याध्यापकांनी बघायला हवं. बहुतेक ठिकाणी योजना तिथेच मरते.

अडचण खरी आहे. संचमान्यतेत, म्हणजे पटसंख्येवरून शाळेला शिक्षकांची पदं मंजूर होतात त्यात, गणिताला जादा शिक्षक मिळत नाही. म्हणून संख्यांचा एखादा गट विज्ञानाच्या किंवा भूगोलाच्या शिक्षकांनी घ्यावा लागतो, आणि त्यांना आधी तयारीला वेळ द्यावा लागतो. काहींना ते कमीपणाचं वाटतं. त्यांची नाराजी मला समजते, तरी माझा आग्रह सुटत नाही.

दहावीत ही तासिका कोणाच्या तासांतून काढायची? प्रयोगांच्या तासांतून काढा, असं मी म्हणणार नाही. चित्रकला आणि खेळाचे तास तर आधीच खाल्ले गेलेत.