झेनचा पंप: काम कमी, घासणं जास्त

रबाळ्याच्या एका केमिकल कंपनीत मी मेंटेनन्सला आहे. दिवसभर पंपांच्या मागे. कुठला गळतोय, कुठल्याचं बेअरिंग बोलायला लागलंय, कुठल्याचं सील आता थोड्याच दिवसांचं सोबती आहे, हे बघण्यातच नोकरीची वर्षं गेली. त्यामुळे आमच्या जुन्या मारुती झेन गाडीचा वॉटर पंप (इंजिनात थंड ठेवणारं पाणी फिरवणारा) गेल्यावर घरात जी चर्चा झाली तिच्यात मला फारसा रस नव्हता. नवऱ्याचं म्हणणं, गॅरेजला टाक. सासूबाईंचं म्हणणं, गाडीच काढून टाका एकदाची. माझं म्हणणं, जे काम मी पगार घेऊन करते ते घरच्या गाडीसाठी का नको करू?

गाडी २००३ची. मूळची दिरांची, ठाण्यात घेतलेली, म्हणून नंबर अजून एमएच-०४. ते पुण्याला गेले आणि गाडी ऐरोलीला आमच्या दारात आली. पंधरा वर्षं झाल्यावर रीतसर पासिंग करून घेतलं, ग्रीन टॅक्स भरला. तरी लोक दिल्लीच्या बातम्या वाचतात आणि मला सांगतात की जुनी पेट्रोल गाडी आता चालवताच येत नाही. अहो, ते दिल्लीचं. मारुतीने ही झेन २००६ मध्ये बंद केली खरी, पण ९९३ सीसीचं ते अ‍ॅल्युमिनियमचं छोटं इंजिन नीट ठेवलं तर अजून कुरकुर न करता धावतं. फक्त त्याला गरम होऊ द्यायचं नाही. अ‍ॅल्युमिनियमचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, एकदा तापून वाकलं की मग सासूबाईंचं म्हणणं खरं होतं.

लक्षण तसं साधं होतं. कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, बाटलीतली पातळी हळूहळू उतरत होती आणि गाडीखाली थेंब म्हणून दिसत नव्हता. असं झालं की बहुतेक जण लगेच हेड गास्केटपर्यंत, म्हणजे हेडखालच्या पातळ सीलपर्यंत पोचतात. ते फाटलं की कूलंट इंजिनाच्या आत शिरतं. मी आधी ऑइलचं झाकण उघडून बघितलं. आत दुधाळ साय नाही. थंड इंजिनवर रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू केली, बुडबुडे नाहीत. मग टॉर्च घेऊन पंपाच्या पुलीमागे डोकावले. तिथे हिरवट पांढरं पीठ धरलेलं होतं. कूलंट गळत होतं, पण तापलेल्या इंजिनावर जागच्या जागी वाळत होतं, खाली पोचतच नव्हतं. बेल्ट सैल करून पुली दोन्ही हातांनी धरली आणि पुढेमागे हलवली. डुगडुगली. एवढं पुरे. महापे-शिळफाट्याच्या रांगेत मध्यंतरी जी किर्र ऐकू यायची, आणि जिला नवरा ‘एसीचा आवाज’ म्हणायचा, तिचंही उत्तर मिळालं.

आता थोडं पंपाबद्दल, कारण इथे बरेच गैरसमज आहेत. गाडीतला वॉटर पंप म्हणजे साधा सेंट्रिफ्यूगल पंप. एक शाफ्ट, एका टोकाला पुली, दुसऱ्या टोकाला पाण्यात फिरणारा इम्पेलर, मध्ये बेअरिंग. पाणी आणि बेअरिंग यांच्यामध्ये मेकॅनिकल सील: एक चकती स्थिर, एक फिरती, दोन्ही आरशासारख्या गुळगुळीत, स्प्रिंगने एकमेकींवर दाबलेल्या. त्या दोघींमध्ये कूलंटचाच अगदी पातळ थर असतो आणि त्यावर सील जगतं. म्हणून कुठलंही सील शंभर टक्के कोरडं नसतं. जे थोडंफार पाणी निसटतं ते बेअरिंगपर्यंत जाऊ नये म्हणून पंपाच्या पोटाला मुद्दाम एक भोक ठेवलेलं असतं. त्यातून ओल दिसली तर समजायचं की सील संपत आलं. धार लागली तर संपलं.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण असं की आमच्या भागातल्या एका मेकॅनिकने मला शांतपणे सल्ला दिला होता, ‘मॅडम, त्या भोकात एम-सील भरून टाका, वर्षभर बघायला नको.’ एम-सील म्हणजे वाळून दगडासारखी होणारी लांबी. म्हणजे पाणी बाहेर जायचं बंद, आणि थेट बेअरिंगमध्ये. बेअरिंग जॅम झालं की बेल्ट घासणार किंवा तुटणार, पंप थांबणार, आणि त्याच बेल्टवर असलेला, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही. कंपनीत असा सल्ला कुणी दिला असता तर त्याला मी पंपहाऊसच्या दारातच थांबवला असता.

सील मरतं कशाने? वयाने तर मरतंच, पण आपल्याकडे जास्त करून साध्या पाण्याने. ‘इथे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला हवं’ हे वाक्य मी नवी मुंबईत इतक्यांदा ऐकलंय! न गोठणं हा कूलंटचा एक गुण झाला. आपल्याला त्याचे बाकीचे दोन हवे असतात. एक, त्यातली गंज रोखणारी द्रव्यं. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी रेडिएटरमध्ये ओतलं की क्षार बसतात, अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, आणि ती बारीक कच सीलच्या गुळगुळीत चकत्यांवर रेघा पाडत बसते. दोन, उकळबिंदू. झाकणाचा दाब नुसत्या पाण्याला ११८ अंशांच्या आसपास नेतो. त्यात निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधला मुख्य घटक) असेल तर उकळी सव्वाशेच्याही पुढे जाते. मे महिन्यात रांगेत एसी लावून उभं राहिलं की हे अंश उपयोगी पडतात.

सुट्ट्या भागांपैकी पंप मी जुन्या बाजारातला घेत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला आरसा, दाराचं हँडल, बंपर जरूर शोधावं, पण ज्याच्या पोटात सील आहे ती वस्तू वापरलेली घेण्यात अर्थ नाही. नवा पंप, गास्केट, टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर मिळून तीन हजारांच्या आत झालं. टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या खालच्या क्रँकला वरच्या कॅमशी तालात ठेवणारा पट्टा) आणि तो ताणून धरणारा टेन्शनर का? कारण झेनच्या इंजिनात पंप फिरतो बाहेरच्या बेल्टवर, पण बसलेला असतो टायमिंग बेल्टच्या मागे. तिथवर पोचायला टायमिंग बेल्ट उतरवावाच लागतो. उतरवलेला जुना बेल्ट परत चढवण्याचा कंजूषपणा मला जमत नाही.

सिडकोच्या रो-हाऊसचा एक फायदा असा की दारापुढे गाडीपुरती फरशी असते आणि तिथे काय करताय हे विचारायला सोसायटीचा सेक्रेटरी येत नाही. शेजारचे काका येतात, पण ते खुर्ची घेऊन येतात आणि बसतात. भाचा डिप्लोमाला आहे, त्याला हाताखाली घेतला. इंजिन रात्रभर थंड झालेलं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, खाली टब ठेवून कूलंट काढून घेतलं. उजवं पुढचं चाक उतरवलं, गाडी स्टँडवर टेकवली (नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरणाऱ्यांशी मी बोलत नाही), आतलं प्लास्टिकचं कव्हर काढलं की पुल्या समोर येतात.

भाच्याने लगेच बेल्ट काढायला हात घातला, त्याला थांबवलं. पंपाच्या पुलीचे बोल्ट बेल्ट ताणलेला असतानाच सैल करून घ्यायचे. बेल्टच पुलीला धरून ठेवतो. नंतर पुली पान्याबरोबर गरगर फिरते आणि माणूस स्क्रू-ड्रायव्हर अडकवायला जागा शोधत बसतो. क्रँकच्या पुलीचंही तसंच: मधला मोठा बोल्ट बघून लोक घाबरतात, पण या इंजिनात त्याला हात लावायची गरज नाही. त्याच्या भोवतीचे छोटे बोल्ट काढले की पुली सुटते.

टायमिंगचं कव्हर निघाल्यावर क्रँक हाताने फिरवून खुणा जुळवल्या, वर कॅमच्या चाकाची आणि खाली क्रँकची. कंपनीच्या खुणा वीस वर्षांच्या काजळीत बुडालेल्या असतात, म्हणून त्यांच्यावर माझं लाल नेलपॉलिश लावलं. भाचा हसला. हसू दे. ऑइल लागलेल्या हातांनी ते पुसलं जात नाही आणि लांबून दिसतं. मग टेन्शनर सैल, बेल्ट बाहेर, अल्टरनेटरचा पट्टीसारखा ब्रॅकेट आणि ऑइलची पातळी मोजायच्या गजाची नळी बाजूला. पंपाच्या बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला होता. अ‍ॅल्युमिनियममध्ये बसलेला लोखंडी बोल्ट जोर लावून सोडवायचा नसतो. थोडा सोडायचा, परत थोडा आवळायचा, परत सोडायचा. अडलेला बोल्ट असा गोडीगुलाबीने निघतो, आणि आटेही शाबूत राहतात.

जुना पंप हातात आला आणि काका म्हणाले, ‘झालं की मग!’ खरं काम इथून पुढे होतं.

इंजिनाच्या ज्या तोंडावर पंप बसतो तिथे जुना गास्केट अक्षरशः भाजून चिकटलेला होता, आणि त्यावर आधीच्या कुणीतरी थापलेलं काळं सिलिकॉन. गॅरेजमध्ये हे काम होत नाही, कारण याचे पैसे कुणी देत नाही. वरवर खरवडतात, राहिलेल्या खड्ड्यांत आणखी सिलिकॉन भरतात, पंप ठोकतात. आत दाबलं गेलेलं सिलिकॉन पुढे सुटतं आणि रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतं. मी आधी पाण्याच्या वाटांमध्ये फडकं कोंबलं, म्हणजे कचरा आत जायला नको. मग प्लास्टिकचा स्क्रॅपर. छिन्नी नाही, स्क्रू-ड्रायव्हर नाही. अ‍ॅल्युमिनियमवर एक ओरखडा पडला की तो गळतीचा कायमचा रस्ता. गास्केट आधी थिनरने भिजवायचा, थांबायचं, मग स्क्रॅपर जवळजवळ आडवा धरून ढकलायचा. कडेने तपकिरी पापुद्रा उठतो, निम्मा निघतो, निम्मा राहतो. परत भिजवायचं. बोल्टांच्या भोकांभोवती तो सगळ्यात हट्टी असतो. शेवटी झिजलेल्या बारीक पॉलिश पेपरचा तुकडा सपाट लाकडाच्या ठोकळ्यावर लावून हलक्या हाताने, गोल गोल. अ‍ॅल्युमिनियमचा रंग सगळीकडे सारखा दिसायला लागला की बोट फिरवायचं. डोळ्याला न दिसणारी गाठ नखाला लागते. स्टीलची पट्टी उभी धरून मागून टॉर्च मारला. कुठेही उजेडाची फट नाही.

तोवर भाच्याचा उत्साह संपला होता आणि काका जेवून परत आले होते.

त्यानंतरचं सगळं भराभर झालं. गास्केट कोरडाच बसवला. या पंपाला गास्केटशिवाय दोन रबरी सीलं असतात, एक पंप आणि ऑइल पंपाच्या मध्ये, दुसरं पंप आणि हेडच्या मध्ये. ती जागेवर नीट बसवली. जुन्या बोल्टांची लांबी एकसारखी नाही, म्हणून काढतानाच ते दिनदर्शिकेच्या पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढून त्या त्या जागी खोचले होते. आवळताना समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने, शेवटी साधारण एक किलोग्रॅम-मीटर. सहा मिलीमीटरच्या बोल्टाला एवढंच पेलतं. मनगटाचा जोर पुरे, खांद्याचा लागत असेल तर काहीतरी चुकतंय.

नवा टायमिंग बेल्ट चढवला, क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवली, ढिलाई निघून गेल्यावर टेन्शनर आवळला आणि लाल खुणा पुन्हा तपासल्या. जुळल्या. एक दात जरी सरकला तरी इंजिन लंगडतं, त्यामुळे हे हाताने फिरवणं कुणी कितीही घाई केली तरी सोडायचं नाही. बाहेरचा बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर सात-आठ मिलीमीटर दबेल इतका ताणला. फार ताणला तर नव्या बेअरिंगचं आयुष्य आपणच खातो.

कूलंट आणि बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं भरलं, झाकण उघडं ठेवून, हीटर गरमवर ठेवून गाडी चालू केली. वरचा होज, म्हणजे रेडिएटरची वरची रबरी नळी, हाताने दाबत राहायचं, म्हणजे अडकलेली हवा बुडबुड करत वर येते. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरची वाट मोकळी करणारी झडप) उघडला की रेडिएटरमधली पातळी एकदम खाली जाते. तेव्हा घाबरायचं नाही, भरायचं. फॅन सुरू होऊन बंद होईपर्यंत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर बाटलीत थोडं आणखी लागलं, तेवढं लागतंच.

टबातलं जुनं कूलंट गटारात ओतू नका, एवढं मात्र हात जोडून सांगते. ग्लायकॉल विषारी असतं, मांजरं ते चाटतात, आणि अगदी थोड्यानेही त्यांची मूत्रपिंडं जातात. आमच्या गल्लीत मांजरांचा सुकाळ आहे. मी टब काम चालू असतानाच कॅनमध्ये रिकामा करून झाकण लावलं, फरशी धुऊन घेतली, आणि कॅन ओळखीच्या सर्व्हिस सेंटरच्या टाकाऊ पिंपात गेला.

जुना पंप कंपनीत नेऊन उघडला. सीलच्या चकतीवर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या रेघा होत्या आणि इम्पेलरच्या कडा गंजून अर्ध्या झालेल्या. दिरांना फोटो पाठवला आणि विचारलं, पुण्याला जायच्या आधी यात पाणी कुठलं घालत होतात? त्यांनी फक्त हात जोडल्याची इमोजी पाठवली. आता वरचा होज बोटाने दाबला की मऊ लागतो. पावसाळ्याआधी तो आणि त्याच्या दोन्ही क्लिपा बदलायच्या आहेत. भाच्याला सांगून ठेवलंय, त्याने अजून हो म्हटलेलं नाही.