बाणांची उसवण

परवा रविवारी ओट्यावर जुनी चादर अंथरून लेकीचे बारा बाण मांडून बसले. पाचांची पिसं हिरवी, चारांची पिवळी, उरलेल्या तिघांचं एकेक पीस उडालेलं. सरावाला चालतं, पण पुढच्या महिन्यात जिल्ह्याची स्पर्धा आहे. तिथे एका फैरीत मारायचे बाण सगळे एकसारखे लागतात. पिसं, त्यांचे रंग, मागची नॉक (दोरीत अडकते ती प्लास्टिकची खाच), सगळं. शिवाय दर बाणाच्या दांडीवर खेळाडूचं नाव नाहीतर आद्याक्षरं हवीत. नवी पिसं मैदानावर तिचे सर जिगमध्ये, म्हणजे पिसं नेमक्या जागी धरणाऱ्या साच्यात, बसवून देतात, पण जुनी काढून, गोंद साफ करून बाण आणायचे, हे काम घरचं. आमच्या घरी ते माझं.

२०२३ साली साताऱ्याच्या अदिती स्वामीनं बर्लिनला सतराव्या वर्षी जागतिक विजेतेपद मिळवलं, तेव्हा लेक बारा वर्षांची होती. ती बातमी तिनं तीनदा वाचून दाखवली आणि चौथ्यांदा धनुष्य मागितलं. अदितीचं धनुष्य कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं, हिचं रिकर्व्ह, टोकं पुढे वळलेलं, पण तिरंदाजी आमच्या घरात शिरली ती तेव्हापासून.

मी इंदूरला रामबागेत घरीच फॉल-पिको आणि ब्लाउजची कामं घेते. २१ वर्षं झाली. आल्टरला आलेला ब्लाउज हातात घेतला की आधी उसवावं लागतं, आणि माझा निम्मा जीव त्या उसवण्यात असतो. जॉर्जेटवर उसवणीचं टोक दोऱ्याखाली घालायचं, कापडाकडे वळू द्यायचं नाही. एक धागा ओढला गेला की पुढे कितीही सुबक टीप घाला, ती ओढ दिसतेच. बाणाचंही असंच असेल हे मला सुचायला हवं होतं. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यांदा पिसं काढायला घेतली तेव्हा सुचलं नाही.

तेव्हा मी पेपर कटरला कोरं पातं लावलं होतं. पीस झटकन सुटलं, गोंदाची पांढरी पट्टी मात्र हलेना, म्हणून पातं जरा तिरपं दाबलं. पट्टीबरोबर दांडीचीच एक काळी सळ उचलली गेली, दोन इंच, उसाचं साल सुटावं तशी. अंगठ्यात काहीतरी टोचलं. गव्हाच्या लोंबीचं कुसळ घुसतं ना, तसंच, पण काळं आणि केसाहून बारीक. दोन दिवस सलत होतं. सरांनी तो बाण दोन्ही टोकांना धरून जरासा वाकवला, कानाजवळ नेला आणि मला ऐकवला. आत बारीक कर्रर्र. तो बाण गेला.

सरांनी मग नीट समजावलं. कार्बनचा बाण म्हणजे राळेत बसवलेले लांब तंतू. ताकद त्या तंतूंची, राळ त्यांना धरून ठेवते. तंतू कापला गेला की बाण बाहेरून साबूत दिसतो आणि दोरी सुटताना, दांडीला सगळ्यात जास्त वाक येतो त्या क्षणी, फुटतो. तेव्हा तो धनुष्य धरलेल्या हाताशेजारीच असतो. तो हात माझ्या लेकीचा. त्या दिवसापासून धारदार पातं मी बाणांजवळ आणलेलं नाही.

आता अशी करते. आधी नॉक ओढून काढते, आणि दांडीवर छापलेला आकडा वहीत उतरवते. तिच्या बाणांवर ९०० आहे, त्याला स्पाइन म्हणतात. २८ इंचांवर दोन टेकू देऊन मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगलं की दांडी किती वाकते, ते इंचाच्या हजाराव्या भागांत. म्हणजे हिची ०.९ इंच वाकते. आकडा मोठा, तेवढी दांडी मऊ. साफ करताना ही छपाई पुसली जाते, आणि मग हा बाण कुठला ते ओळखू येत नाही.

पिसांसाठी लोणी लावायची बोथट सुरी. पिसाच्या पुढच्या टोकाखाली ती सपाट सरकवायची, टोक सुटलं की पीस बोटांनी धरून मागे सोलत न्यायचं, चिकटपट्टी काढतो तसं. राहिलेल्या गोंदावर सुरी उभी, अगदी काटकोनात धरून हलकेच ओढायची. उभी सुरी खरवडते, तिरपी खणते. गोंदाचा पांढरा भुगा पडतो तोवर ठीक. काळा भुगा दिसला की हात तिथेच थांबवायचा, कारण तो गोंद नाही, बाण आहे. कार्बनची धूळ नाकात जाणं वाईट, म्हणून कोरडा पॉलिश पेपर मी वापरत नाही.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "मेणबत्तीवर धर गं, बांगडीची लाख सुटते तशी सुटेल." ॲल्युमिनियमच्या बाणाला थोडी ऊब सोसते. कार्बनला नाही, आतली राळच मऊ पडते. दांडीवर पिसांखाली प्लास्टिकचा रॅप, म्हणजे गुंडाळलेलं पातळ स्टिकर, असेल तर तेवढं मागचं टोक गरम पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवतात, मग रॅप पिसांसकट सोलून येतो. पुढचं टोक पाण्यात घालायचं नाही. तिथला पॉइंट, म्हणजे बाणाचं टोकदार अग्र, बहुधा उष्णतेनं वितळणाऱ्या गोंदानंच बसवलेला असतो. लाकडी बाण असतील तर पुढे सांगते ते ॲसिटोन विसरा, सगळं वॉर्निश उतरेल. नुसतं खरवडा.

शेवटची पुटं ॲसिटोननं निघतात. नेलपॉलिश रिमूव्हरनं मी करून पाहिलं, पण त्यातल्या काहींत ॲसिटोन नसतंच, आणि असतं त्यांत नखांसाठी तेलं घातलेली असतात. ती दांडीवर राहतात. म्हणून सियागंजातून साध्या ॲसिटोनची बाटली आणली. सुती चिंधी ओली करून गोंदावर मिनिटभर गुंडाळून ठेवायची, मग पुसायचं. परत एकदा. बाण बाटलीत बुडवून ठेवायचा नाही, आणि नॉकला थेंबही लागू द्यायचा नाही, त्या प्लास्टिकला तडे जातात. हातात ब्युटाइल रबराचे मोजे, नायट्राइलचे ॲसिटोनपुढे टिकत नाहीत. हे सगळं ओट्यावर, उघड्या हवेत. ॲसिटोनची वाफ लगेच पेट घेते, त्यामुळे स्वयंपाकघरात नाही, आणि देवघरात समई लागायच्या आत बाटली बंद.

मग माझ्या आवडीचं काम. दांडीचं मागचं टोक नळाखाली धरायचं. गोंद किंवा बोटांचं तेल राहिलं असेल तर पाणी तिथे फाटतं, अळूच्या पानावर उभे राहतात तसे थेंब होतात. स्वच्छ दांडीवर पाण्याचा एकच पातळ पापुद्रा चढतो आणि काही क्षण तसाच राहतो, दांडी काचेत घातल्यासारखी दिसते. बारांतल्या सात बाणांवर पहिल्याच खेपेला पापुद्रा धरला, बाकीच्यांना पुन्हा चिंधी. हे पाणी नर्मदेच्या नळाचं घ्यायचं. आमच्या बोरिंगचं वाळलं की पांढरे डाग ठेवतं. पापुद्रा धरला की त्या भागाला बोट लावायचं नाही, वाळवून स्वच्छ कागदात गुंडाळायचं.

शिवणकाम करणाऱ्या बायकांसाठी एक सांगते, कारण आपल्या आजूबाजूला चिंध्याच चिंध्या असतात. पिसं फेविक्विकसारख्या गोंदानं लावतात. तो ओला गोंद सुती कापडावर सांडला तर कापड तापतं, धूर येतो, हात भाजू शकतो. वाळलेल्या गोंदाचं काही नाही, पण चिकटवायला बसाल तेव्हा सुती चिंध्या लांब ठेवा.

सगळं झाल्यावर लेकीनं एकेक बाण फिरवत, वाकवत कानाशी धरून ऐकला. अकरा गप्प होते. बारावा बोलला, पिवळ्या पिसांचा. सुरी लागलेली नव्हती, बहुतेक मैदानात दुसऱ्या बाणाचा मार बसला असावा. त्याचे तिनं दोन तुकडे केले, टोकांना चिकटपट्टी गुंडाळली, कचरागाडीवाल्या दादांच्या हातात कुसळं जाऊ नयेत म्हणून. उरलेल्या अकरांवर पांढऱ्या मार्करनं आद्याक्षरं आणि ९००. नवी पिसं केशरी हवीत म्हणाली, नेम चुकला तरी गवतात पटकन दिसतात. नॉकच्या खाचेशी काटकोनात बसणारं तिसरं तेवढं पांढरं.