लाल रेघ आणि बाबांची वही

शनिवार, रात्रीचे पावणेअकरा

पायांचे तुकडे पडलेत. पण न लिहिता झोपले तर उद्या निम्मं विसरलेलं असेल.

आज एकदाचं बॉस्टन पायी झालं. बॉस्टनजवळच्या ॲक्टन गावात राहायला येऊन आम्हाला नऊ वर्षं झाली, तरी शहरातल्या त्या लाल रेघेवरून कधी सलग चाललो नव्हतो. पाहुणे आले की हार्वर्ड, बंदरावरची बोट, परत घर. या खेपेला आई-बाबा, म्हणजे माझे सासू-सासरे, तळेगावहून तीन महिन्यांसाठी आलेत आणि बाबांनीच हट्ट धरला. "गाडीतून गाव दिसत नाही," म्हणाले. गुडघ्याचं दुखणं त्यांचं, त्यामुळे मला काही बोलायची सोय नव्हती.

फ्रीडम ट्रेल ही अडीच मैलांची वाट. आपल्या हिशोबात चार किलोमीटर, आणि तेवढ्यात सोळा ठिकाणं. फुटपाथवर कुठे लाल विटांची पट्टी बसवलेली, कुठे नुसता लाल रंग फासलेला. ती धरून चालत राहायचं. १९५१ मध्ये इथल्या एका पत्रकाराने ही कल्पना मांडली. आम्ही गाडी एलवाइफ स्टेशनात लावली आणि मेट्रोची रेड लाइन घेतली. बसल्या बसल्या बाबांनी विचारलं, "लाल रेघ लाल रेघ म्हणतेस ती हीच ना? मग चालायचं कशाला?" धाकटा एवढा हसला की समोरच्या बाई पण हसायला लागल्या.

पार्क स्ट्रीटला उतरलो. हे स्टेशन अमेरिकेतल्या पहिल्या भुयारी रेल्वेतलं, १८९७ सालचं. मी हे सहज म्हटलं आणि बाबा तिथेच जिन्यात थांबले. "सत्त्याण्णव? म्हणजे पुण्यात प्लेग. रँडला चापेकरांनी गोळी घातली ते साल." खिशातून छोटी वही काढली, मधे उभी रेघ मारली, डावीकडे 'इकडे' लिहिलं, उजवीकडे 'तिकडे'. बाबांनी बत्तीस वर्षं सहकारी बँकेत काढली. कुठलाही कागद हातात आला की त्याचे दोन रकाने होतात.

मग दिवसभर हेच. बॉस्टन कॉमन, १६३४. गावची गुरं चारायला राखलेलं कुरण, आज शहराच्या मधोमध बाग. तिकडे? शिवाजी महाराज चार वर्षांचे. स्टेट हाउसचा सोन्याचा घुमट आईंना आवडला. किती कॅरेट, त्यांनी विचारलं. तेवीस, असं लेकीने फोनवर बघून सांगितलं. "तेवीस कॅरेट कोणी करतं का! बावीस तरी करायचं नाहीतर चोवीस," एवढं बोलून त्यांनी मॅसॅच्युसेट्सच्या विधानसभेला मागे टाकलं.

ग्रॅनरी दफनभूमीत मात्र आमचा बराच वेळ गेला. १६६० सालची. (तिकडे पावनखिंड. बाबांना एक सेकंदही लागला नाही.) जॉन हॅन्कॉक, सॅम्युअल ॲडम्स, पॉल रिव्हिअर, अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यातले हे सगळे इथेच. पाटीसारखे पातळ काळे दगड, वर पंख फुटलेली कवटी कोरलेली. त्यातले बरेच वाकलेले. पॉल रिव्हिअरच्या दगडावर लोकांनी सुटी नाणी ठेवली होती. आई म्हणाल्या, आपण नदीत टाकतो तसं. पर्स उघडून त्यांनीही एक नाणं ठेवलं, ते रुपयाचं निघालं. परत घेईनात.

धाकटा एका दगडापाशी अडकला. ५ मार्च १७७० ला इंग्रज शिपायांच्या गोळीबारात जे पाच जण गेले त्यांची ती समाधी. क्रिस्पस अटक्सचं नाव त्यात आहे. आफ्रिकी आणि मूळ अमेरिकी अशा दोन्ही वंशांचा खलाशी तो. खाली आणखी एक नाव: ख्रिस्तोफर स्नायडर, वय वर्षं १२. तो त्या पाचांतला नाही, त्याच्या दहा-बारा दिवस आधी गेलेला. जकातीच्या एका माणसाच्या घरासमोर पोरांचा जमाव दगडफेक करत होता आणि त्याने आतून गोळी झाडली. धाकट्याने दोनदा वाचलं. "आई, ट्वेल्व्ह." त्याला मार्चमध्ये बारा पूर्ण झाली. मी म्हटलं हो. आणखी काही बोलला नाही, पण त्यानंतर पाऊण तास लाल रेघेच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही हा त्याचा खेळ बंद होता.

पुढची दोन-तीन ठिकाणं उरकलीच म्हणायची. इथलं जुनं नावाजलेलं पुस्तकांचं दुकान, इमारत १७१८ सालची, आता तिथे बुरिटो मिळतो. बाबांना वाईट वाटलं. मुलांना भूक लागली.

ओल्ड साउथ मीटिंग हाउसमध्ये तिकीट काढून आत गेलो. वर्थ आहे. पांढऱ्या रंगाचं साधं सभागृह, पेट्यांसारखे कप्पे केलेली बाकं. १६ डिसेंबर १७७३ ला इथे पाच हजार माणूस जमला होता म्हणतात. इथूनच लोक बंदराकडे गेले आणि तीन जहाजांवरच्या चहाच्या ३४० च्या वर पेट्या पाण्यात रिकाम्या केल्या. चहा कोणाचा? ईस्ट इंडिया कंपनीचा.

बाबा बाकावर टेकले होते ते ताठ झाले. "आपली कंपनी?"

"आपली कशी, आजोबा?" लेक.

"अगं आपल्यावर आली ती. तीच ना?"

तीच. बंगालमधल्या १७७० च्या दुष्काळानंतर कंपनी डबघाईला आलेली, लंडनच्या गोदामांत चहा पडून. तिला तारायला पार्लमेंटने कायदा करून तो चहा परस्पर अमेरिकेत खपवायची मुभा दिली. कर तसाच ठेवून. चहा पिकलेला चीनमध्ये, कंपनी लंडनची, तोटा बंगालचा आणि भांडण बॉस्टनला. लेकीच्या शाळेत चहा बुडवण्याची ही 'टी पार्टी' तीनदा शिकवून झाली आहे. बंगालचं नाव तिने आज पहिल्यांदा ऐकलं.

मग बाबांनी उजव्या रकान्यात लिहिलं: ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, नारायणराव. बॉस्टनच्या चहाआधी साडेतीन महिने. "काका मला वाचवा" मुलांना माहीत होतं, 'ध'चा 'मा' माहीत नव्हतं. ते इंग्रजीत समजावणं म्हणजे काय दिव्य असतं ते आज कळलं. शेवटी धाकट्याला त्याच्याच नकाशाच्या मागे देवनागरीत 'धरावे' आणि 'मारावे' लिहून दाखवलं. "एका अक्षरासाठी?" तो म्हणाला. खरं-खोटं देव जाणे, पण सांगतात असं, असं आईंनी मधेच टाकलं. आनंदीबाईंची बाजू त्या कायम घेतात.

पण बाबा तिथे थांबले नाहीत. नारायणराव गेले म्हणून राघोबा, राघोबा इंग्रजांकडे गेला म्हणून लढाई. ती सुरू झाली १७७५ ला. इकडचीही १७७५ लाच. आणि जानेवारी १७७९ ला राघोबाला पुण्याच्या गादीवर बसवायला निघालेली मुंबईची फौज महादजींनी कुठे कोंडली? वडगावला! आमच्या घरापासून लोकलचं एक स्टेशन. तिथे इंग्रजांनी तहावर सही केली. ज्या स्टेशनवरून बाबा रोज बँकेत जायला गाडीत बसायचे त्याच्या पलीकडचं ते गाव आज बॉस्टनच्या वहीत चढलं. बाबांचा आवाज इतका वाढला की दारातल्या बाईंनी हसून बोट ओठांवर ठेवलं.

ओल्ड स्टेट हाउस १७१३ चं. "बाळाजी विश्वनाथांना पेशवाई मिळाली ते साल," हे बाबांनी इतक्या थंडपणे सांगितलं की मला शंका आली, रात्री पाठांतर करून आलेत की काय. ही विटांची बसकी इमारत काचेच्या मनोऱ्यांच्या पायाशी उभी आहे, खाली मेट्रो स्टेशन. याच सज्जातून १८ जुलै १७७६ ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचून दाखवला. गोळीबाराची जागा समोरच, जमिनीत दगडांचं एक गोल. लेकीला यातलं एकच आवडलं. गोळ्या झाडणाऱ्या शिपायांचं वकीलपत्र जॉन ॲडम्सने घेतलं, जो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला, आणि बहुतेक सगळे सुटले. तिच्या डिबेटच्या सरांना हे सांगणार आहे म्हणाली.

क्विन्सी मार्केटबाहेर बाकावर डबा उघडला. धपाटे, दही, लसणाची चटणी. आतून चाउडर सूपचा वास येत होता आणि बाहेर आमचा लसूण. बरोबरी झाली. स्वच्छतागृह इथे मिळालं, त्याबद्दल आईंनी बॉस्टनला जाहीर धन्यवाद दिले.

समोरच फॅन्युइल हॉल. १७४२. पीटर फॅन्युइल नावाच्या व्यापाऱ्याने गावाला बांधून दिला. खाली बाजार, वर सभा. स्वातंत्र्याची भाषणं इथली. लेक म्हणाली, त्याच्या पैशात गुलामांच्या व्यापाराचाही पैसा होता, म्हणून नाव बदला अशी मागणी आहे. बाबा म्हणाले, बघ, म्हणजे स्वातंत्र्याचा पाळणा म्हणायचं आणि खालचं लाकूड ते. अगदी तोंडभरून बोलले. मग सवयीने पेन काढलं: १७४२, तिकडे... आणि थांबले.

मला वाटलं आठवत नाहीये. नवऱ्याने हळूच सांगितलं, "बाबा, बेचाळीस म्हणजे बंगाल. नागपूरकर भोसल्यांची स्वारी." आमच्या शेजारच्या बंगाली मैत्रिणीने एकदा तिच्या बाळाला झोपवतानाचं गाणं मला म्हणून दाखवलं होतं. त्यात बर्गी येतात. बर्गी म्हणजे लुटायला आलेले मराठे स्वार, आपणच. ती हसतच म्हणाली होती, मीही हसले होते, पण ते घरी येऊन मी जेवताना सगळ्यांना सांगितलं होतं. बाबाही टेबलावर होते. आज त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "हे जमेला धरायचं की नावे?" असं स्वतःशीच म्हणाले आणि रकाना मोकळा ठेवून उठले.

त्यापुढे हेमार्केट. शनिवार असल्याने उघड्यावरचा भाजीबाजार भरलेला. आईंचा चेहरा दिवसात पहिल्यांदा खुलला. स्ट्रॉबेरी उलटून बघायला गेल्या तर विक्रेता खेकसला, हात लावायचा नाही. "मंडईत पण असेच असतात," आई अजिबात न दुखावता म्हणाल्या आणि दोन खोकी घेतली. (घरी आल्यावर एक खालून मऊ निघालं. मंडईतही तसंच.) रस्ता ओलांडताना त्या वाकून केळ्याची साल उचलायला लागल्या, कोणी घसरेल म्हणून. साल उठेना. ती ब्राँझची होती! त्या रस्त्यात बाजाराचा सगळा कचरा, वर्तमानपत्राचे तुकडे, कणसं, सालं, एका शिल्पकर्तीने ओतीव करून बसवलाय. आई तिथे उकिडव्या बसून बोटाने चाचपत राहिल्या, गाड्या थांबलेल्या. आख्ख्या दिवसाचा एकच फोटो छापायचा तर हा.

नॉर्थ एंडमध्ये पॉल रिव्हिअरचं लाकडी घर बाहेरूनच पाहिलं, १६८० च्या आसपासचं. बाबांनी साल लिहिलं, शेजारच्या रकान्याबद्दल काही बोलले नाहीत. आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. हॅनोव्हर स्ट्रीटवर कॅनोली खाल्ली. मैद्याची तळलेली नळी, आत गोड चीज. आईंनी नाव दोनदा विचारून घेतलं. "कानोले म्हणा की! फक्त तोंड मिटायला विसरलेत."

ओल्ड नॉर्थ चर्चच्या मनोऱ्यात १८ एप्रिल १७७५ च्या रात्री दोन कंदील लागले होते, इंग्रज पाण्यावरून निघाल्याची खूण म्हणून. ती फौज आमच्याच दिशेला, कॉन्कॉर्डला गेली. दुसऱ्या दिवशी तिथल्या पुलावर पडलेल्यांत आमच्या ॲक्टनचा कॅप्टन होता. नऊ वर्षं मी त्याच्या स्मारकाला वळसा घालून किराणा आणते.

कॉप्स हिलच्या दफनभूमीपर्यंत चढलो आणि बाबांचा गुडघा संपला. नदीपलीकडे बंकर हिलचा स्तंभ दिसत होता, २९४ पायऱ्या, पर्वतीच्या जवळजवळ तिप्पट. ते राहिलं. कॉप्स हिल १६५९ ची. म्हणजे प्रतापगड. पण बाबांनी ते धाकट्याला सांगायला लावलं, आणि त्याने सांगितलं, वाघनखांसकट.

परतीच्या मेट्रोत लेकीने विचारलं, यॉर्कटाउनला १७८१ मध्ये हरलेल्या इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसचं पुढे काय झालं. बाबांनी डोळे मिटलेले होते, तसेच म्हणाले, "आमच्याकडे आला. शहाऐंशी साली. गव्हर्नर जनरल." तिला ती थापच वाटली. फोनवर बघितल्यावर म्हणाली, आणि टिपूशी लढताना मराठे त्याच्या बाजूने? बाबा म्हणाले, हो, निजामही. पुढचे प्रश्न घरी.

आत्ता वही जेवणाच्या टेबलावरच पडली आहे. उघडून पाहिली. १७४२ समोर बाबांनी नंतर कधीतरी भरलंय, निळ्या पेनने, बारीक: 'बंगाल. बर्गी.' खाली जमा की नावे काही नाही. आणि १७७० च्या ओळीत पेन्सिलीचं, वेड्यावाकड्या देवनागरीत धाकट्याचं: 'ख्रिस्तोफर, १२'. दुसऱ्या रकान्यात रेघ मारून ठेवली आहे.

बाबांच्या गुडघ्याला शेकायची पिशवी मायक्रोवेव्हमध्ये फिरतेय. शिट्टी वाजली.