नवीन रंगाची टाकी आणि दसऱ्याचं कुंकू

बाबांच्या जुन्या बुलेटची टाकी आणि दोन्ही टूलबॉक्स यंदा दसऱ्याच्या दहा दिवस आधी रंगवून घेतले. चंदेरी रंग, वर क्लिअर कोट म्हणजे पारदर्शक थर, आरशासारखी चमक. हाताला कोरडं लागत होतं म्हणजे रंग वाळला असं मी धरून चाललो आणि तिथेच चुकलं.

दसऱ्याला आईने नेहमीसारखी पूजा केली, ओल्या कुंकवाने टाकीवर स्वस्तिक काढलं, वर झेंडूचा हार घातला, तो रात्रभर तसाच राहिला. सकाळी पुसायला गेलो तर स्वस्तिकाच्या जागी गुलाबी डाग, आणि हार टेकला होता तेवढा पट्टा धुरकट. आईला इतकं वाईट वाटलं की माझं मलाच कसंतरी झालं, कारण तिला आधी सांगायचं काम माझं होतं. पेंटर काकांनी बोट फिरवून बघितलं आणि म्हणाले, वरचा थर अजून मऊ आहे, कुंकू आत शिरलंय, आत्ता घासू नको, महिना जाऊ दे मग दोन हजार नंबरचा वॉटरपेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा एकदम बारीक पेपर, मारून पॉलिश करू.

मग त्यांनीच नीट समजावलं. फॅक्टरीत नुसती बॉडी असते म्हणून रंग साधारण १४० अंशाला भाजता येतो, गॅरेजच्या बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंद खोलीत, ६० च्या आसपासच थांबावं लागतं कारण जोडलेल्या गाडीतलं प्लास्टिक, रबर, वायरिंग जास्त सोसत नाही, आणि आमची टाकी तर नुसत्या हवेवर वाळलेली. रंग कडक करणाऱ्या हार्डनरचं काम आत आठवडे चालू असतं, रंग पातळ करायला घातलेला थिनर हळूहळू बाहेर पडत असतो. नाक जवळ नेलं तर वास येतो ना अजून, तोच तो.

म्हणून पहिला महिनाभर वॅक्स, पॉलिश, स्टिकर काही नाही, कव्हरसुद्धा नाही, खाली ओल आणि थिनर कोंडतो. पहिला आठवडा पाणीच नको, नंतर सावलीत, टाकी गार असताना साध्या पाण्याने धूळ वाहू द्यायची आणि मऊ मायक्रोफायबरने टिपायचं, रगडायचं नाही. प्रेशर वॉश आणि कपड्याची पावडर तर अजिबात नको. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, ते तसंच सुकलं की क्षाराचे पांढरे ठिपके बसतात, त्यामुळे मी शेवटची बादली पिण्याच्या पाण्याची घेतो. कावळ्याची शिट दिसली की दुपारपर्यंत थांबायचं नाही, लगेच ओल्या फडक्याने भिजवून उचलायची. आणि पेट्रोल भरताना झाकणाभोवती फडकं गुंडाळायचं, सांडलेला एक ओघळ ताज्या रंगाला पुरतो.

दिवाळीच्या पाडव्याला आई ताट घेऊन आली आणि गाडीपाशी थांबली. टाकीवर नको ना रे? म्हटलं हेडलाईटच्या काचेवर लाव. तिने काचेवर छोटंसं स्वस्तिक काढलं आणि हार हँडलला बांधला, फुलं टाकीला लागणार नाहीत असा आखूड करून.