पुणे ते कोलार, पिकअपमध्ये दोन गाड्या: मोटोक्रॉसच्या टायरचा सगळा हिशोब

हा वृत्तांत पुण्याहून कोलारला मोटोक्रॉस (मातीच्या, उड्यांच्या ट्रॅकवर गाडी पळवण्याचा खेळ) चालवायला गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी आहे. कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यात बिग रॉक डर्टपार्क आहे. 2015 साली डकार ही लांब पल्ल्याची खडतर रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय सी. एस. संतोष याने ते उभारलं. आपल्याकडून तिकडे जाणाऱ्यांची पहिली चौकशी राहण्याची आणि जेवणाची असते. आधी विचारायला हवं ते टायरचं, कारण पुण्याच्या मुरमावर झिजलेला किंवा दिसायला दणकट म्हणून घेतलेला टायर तिथे पहिल्याच दिवशी दगा देतो.

या फेरीत दोन गाड्या होत्या: एक कावासाकी केएक्स 250 आणि एक हिरो एक्सपल्स 200 4व्ही. केएक्सला नंबरप्लेट नाही, त्यामुळे ती रस्त्यावर चालवायचा प्रश्नच येत नाही. एक्सपल्स चालवत नेता आली असती, पण तिला बटण टायर, म्हणजे रबराचे उंच गुटके असलेले मातीचे टायर, चढवले होते. असे टायर तापलेल्या हायवेवर शेकडो किलोमीटर चालवले की मधली बटणं ट्रॅकवर पोचायच्या आधीच गोल होतात. बटण उंच असतं, डांबरावर ते प्रत्येक फेऱ्यात वाकतं आणि सुटतं, आणि त्या हालचालीतून उष्णता तयार होते. तापलेलं रबर मऊ पडतं आणि झपाट्याने घासलं जातं. एक्सपल्स चालवतच न्यायची असेल तर रस्त्याचे टायर लावून जा, बटण टायर मागे बांधून न्या आणि तिथे बदला. दोन तासांचं काम आहे, पण नवा टायर वाचतो.

पिकअप ठरवताना हौद्याची लांबी स्वतः मोजा. मोटोक्रॉस गाडी साधारण 2.2 मीटर लांब असते, आणि फाळका लागला नाही तर मागचं चाक वाटभर आपटत राहतं. प्रत्येक गाडीला चार रॅचेट पट्टे लागतात. पुढचे दोन हँडलजवळ, क्लॅम्पच्या बाजूने. पुढचं चाक आणि मडगार्ड यांच्या मध्ये लाकडी ठोकळा घालून मगच आवळा, नाहीतर फोर्क (पुढचा शॉक) तासन् तास दबून राहतो आणि सील गळायला लागतं. प्रवासात टायरमध्ये 20 पीएसआयच्या आसपास हवा ठेवा. कमी हवेच्या टायरवर गाडी डुलते आणि पट्टे ढिले होतात. बिननंबरच्या गाडीचं खरेदीचं बिल आणि मालकाचं ओळखपत्र हाताशी असू द्या.

रस्ता सरळ आहे: सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर. बेंगळुरूपर्यंत साधारण 840 किलोमीटर होतात. शहरात शिरू नका. तुमकूरच्या पुढे दाबसपेटला डावीकडे वळून दोड्डबळ्ळापूर, देवनहळ्ळी करत होसकोट्याला निघा, तिथून कोलारचा हायवे मिळतो. एका दमात जायचं असेल तर दोन ड्रायव्हर हवेत. एकच असेल तर मुक्काम हुबळीला करा.

या वाटेवर खिडकीतून जमीन बघत जा, कारण टायर कोणता घ्यायचा हे तीच सांगते. बेळगावपर्यंत आपला दख्खनचा काळा पाषाण आणि त्याचा मुरूम. धारवाड-हुबळीच्या पट्ट्यात काळी माती. चित्रदुर्गाजवळ ग्रॅनाइटचे गोल धोंडे दिसायला लागतात, आणि तिथून कोलारपर्यंत तांबडी माती, खाली कठीण खडक. या तिन्ही जमिनी एकच टायर तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी मारतात.

मुरूम धारदार असतो. त्यावर टायर झिजण्याआधी फाटतो: मागचं चाक फिरलं की मुरमाचा खडा बटणाच्या मुळाशी घुसतो आणि रबराचा तुकडा उपटून काढतो. काळी माती कोरडी असताना सिमेंटसारखी टणक, ओली झाली की बटणांच्या मधल्या जागेत इतकी गच्च बसते की टायर गुळगुळीत होऊन जातो. तांबड्या मातीचा ट्रॅक यांच्या मधला. पाणी मारल्यावर सकाळी वरचा थर मऊ असतो आणि पकड उत्तम मिळते. ऊन चढलं की खालचा कडक थर उघडा पडतो, त्यावर बारीक रेतीसारखी माती पसरते, वळणांत चाकोऱ्या पडतात. म्हणजे एकाच दिवसात दोन जमिनी.

मोटोक्रॉसचे टायर जमिनीप्रमाणे बनवलेले असतात, आणि टिकाऊपणाची निम्मी गोष्ट इथेच ठरते. मऊ जमिनीच्या टायरची बटणं उंच आणि एकमेकांपासून लांब असतात, म्हणजे ती मातीत रुततात आणि चिखल झटकून टाकतात. कडक जमिनीच्या टायरची बटणं बुटकी, रुंद, जवळ जवळ. मऊ जमिनीचा टायर कडक ट्रॅकवर नेला की उंच बटण रुतायला जागाच मिळत नाही, ते टोकावर उभं राहून वाकतं. ब्रेक मारला की एका बाजूला, थ्रॉटल दिलं की दुसऱ्या बाजूला. दोन-तीन तासांत मुळाशी बारीक भेग दिसते. चाक उचलून बटण अंगठ्याने आडवं दाबून बघा: निरोगी बटणाचं मूळ वाकताना सलग दिसतं, थकलेल्याच्या मुळाशी केसाएवढी काळी रेघ उघडते. ती रेघ दिसली की टायर त्या दिवशीच उतरवा. मोठ्या जंपवरून उतरताना अशी बटणं ओळीने उडतात.

दुकानात सगळ्यात जास्त खपतो तो उंच बटणांचा टायर, कारण तो रांगडा दिसतो. आपल्या कोरड्या, खडकाळ मुलखात वर्षातले आठ महिने तो चुकीचा आहे, हे ठामपणे सांगायला हवं.

कोलारसारख्या ट्रॅकला मागे मध्यम-कडक जमिनीचा आणि पुढे मध्यम-मऊ जमिनीचा टायर ही जोडी सर्वांत शहाणी. मागचं चाक ताकद ओढतं, तिथे झीज होते. पुढच्या चाकावर वळण आणि ब्रेक अवलंबून असतात, तिथे पकड हवी, आणि पुढचा टायर तसाही निम्म्या वेगाने झिजतो. मिशेलिनच्या स्टारक्रॉस 6 मध्ये मीडियम हार्ड आणि मीडियम सॉफ्ट असे प्रकार मिळतात. पिरेलीच्या स्कॉर्पियन एमएक्स32 मध्ये मिड हार्ड आणि मिड सॉफ्ट. ब्रिजस्टोनच्या बॅटलक्रॉस मालिकेत एक्स20 मऊ, एक्स30 मध्यम, एक्स40 कडक जमिनीसाठी. डनलॉपचा जिओमॅक्स एमएक्स53 मध्यम ते कडक जमिनीला चालतो. हे टायर आयात होतात, त्यामुळे ट्रिपच्या आठवड्यात शोधायला निघालात तर हवा तो मिळणार नाही. महिना-दीड महिना आधी मागवा. हाती आल्यावर साइडवॉलवरचा चार आकडी शिक्का बघा: 2324 म्हणजे 2024 सालचा 23वा आठवडा. चार-पाच वर्षं गोदामात पडलेला टायर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. रबर वाळतं, आणि कडक जमिनीवर वाळलेली बटणं तुकड्यातुकड्यांनी सुटतात.

मापाकडे येऊ. केएक्स 250 ला पुढे 80/100-21, मागे 100/90-19. मागच्यावर 57एम असं लिहिलेलं असेल तर 57 म्हणजे 230 किलो भार आणि एम म्हणजे ताशी 130 किलोमीटर. सोबत एनएचएस अशी अक्षरं असतील तर तो टायर सार्वजनिक रस्त्यासाठी नाही. 250 सीसीच्या रिमवर 450 सीसी गाडीचा 110/90-19 चढवायचा मोह अनेकांना होतो. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की तो फुगून गोल होतो, कडेची बटणं जमिनीपासून वर उचलली जातात आणि वळणात पकड कमी होते. शिवाय वजन वाढतं ते वेगळंच.

एक्सपल्सला पुढे 90/90-21 आणि मागे 120/80-18. 18 इंचात मोटोक्रॉस धाटणीचा चांगला टायर बहुतेक 110/100-18 मापात मिळतो. चढवण्याआधी हिशोब करा. 120/80-18 चा व्यास साधारण 649 मिलिमीटर, 110/100-18 चा 677. चाक 28 मिलिमीटर मोठं होतं, म्हणजे स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आणि मडगार्डकडे 14 मिलिमीटर जादा जागा लागते. चेन मागे ओढून, सस्पेन्शन पूर्ण दाबून, टायर कुठे घासतो का ते हाताने फिरवून बघा. गिअरिंगही थोडं लांबतं, चढावर ते जाणवतं.

आता हवा. टायर टिकवण्यात कंपनीपेक्षा हवेचा वाटा मोठा, आणि याच गोष्टीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. रिमलॉक (टायर रिमवर फिरू न देणारी पकड) आणि जाड ट्यूब असलेल्या मोटोक्रॉस गाडीत 12 ते 14 पीएसआय. चिखलात 10 ते 12. खडकाळ मुरमावर 14 ते 16, नाहीतर रिमला पोचा येतो आणि ट्यूबला दोन समांतर चिरा पडतात. जास्त हवा भरली तर टायरचा फक्त मधला पट्टा जमिनीला टेकतो, चाक घसरत फिरतं आणि मधली बटणं आधी संपतात. एक्सपल्सला रिमलॉक बसवलेलं नसेल तर 18 च्या खाली जाऊ नका. टायर रिमवर फिरतो, सोबत ट्यूब ओढतो आणि व्हॉल्व्ह मुळातून फाटतो. त्याची खूण आधी दिसते: व्हॉल्व्ह तिरका होतो. म्हणून व्हॉल्व्हचं बारीक नट रिमवर कधीच आवळू नका, वर टोपीला टेकवून ठेवा. नट आवळलेलं असेल तर व्हॉल्व्ह तिरका होण्याऐवजी थेट तुटतो.

पेट्रोल पंपाचं गेज 15 च्या खाली भरवशाचं नसतं. 0 ते 30 पीएसआयचं स्वतःचं गेज आणि पायपंप सोबत हवाच. हवा गार टायरमध्ये, सावलीत मोजा. पहाटे 15 अंशांना 12 भरली आणि दुपारी टायर 35 अंशांवर गेला तर गेज जवळपास 14 दाखवेल. दुपारचं सत्र सुरू होण्याआधी पुन्हा मोजून दीड-दोन पीएसआय सोडा. एवढ्यानेच घसरण कमी झालेली लगेच कळते.

टायर बदलणं तिथे स्वतःलाच करावं लागेल असं धरून चला. गावातला पंक्चरवाला मनाने चांगला असतो, पण रिमलॉक त्याच्या रोजच्या कामातलं नाही. लांब लिव्हरने जोर लावला की ट्यूब चिमटते. नेण्याचं सामान: तीन चमचा लिव्हर, व्हॉल्व्ह ओढायची तार, व्हॉल्व्ह कोअर काढायचं हत्यार, साबणाचं पाणी, टाल्कम पावडर, रिमवरची जुनी रबर पट्टी बदलायला नवी, आणि पुढची-मागची एकेक जादा ट्यूब. ट्यूब 3 ते 4 मिलिमीटर जाडीची घ्या. साधी ट्यूब त्याच्या निम्म्याहूनही पातळ असते.

पद्धत अशी. हवा पूर्ण सोडा, रिमलॉक ढिलं करून आत ढकला, दोन्ही बाजूंचं बीड (टायरची रिममध्ये बसणारी कड) गुडघ्याने दाबून सोडवा. नवा टायर असेल तर अर्धा तास उन्हात ठेवा, मऊ होतो. ट्यूबला पावडर लावा आणि आकार धरण्याइतकीच हवा भरा, रिकामी ट्यूब लिव्हरखाली सापडते. चढवताना लिव्हरने दर खेपेला पाच सेंटिमीटरहून जास्त घास घेऊ नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लिव्हर ज्या बाजूला आहे त्याच्या समोरच्या बाजूचं बीड रिमच्या मधल्या खोल खाचेत दाबून ठेवा. टायर चढत नाही म्हणून जोर लावावा लागतोय, तर समोरचं बीड खाचेतून वर आलेलं असतं, दरवेळी. चढवल्यावर 30-35 पर्यंत हवा भरा, साइडवॉलवर लिहिलेल्या मर्यादेत. रिमजवळची बारीक रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली की बीड बसलं. मग 13 वर उतरवा आणि रिमलॉक साधारण 12 न्यूटन-मीटरला आवळा. पहिल्या सत्रानंतर पुन्हा तपासा.

ट्यूबऐवजी फोमचा मूस घालणारे आहेत. पंक्चरची चिंता जाते, पण प्रेशर बदलता येत नाही, वंगणाचं जेल वेळोवेळी लावावं लागतं आणि हायवेच्या वेगात तो तापून खराब होतो. ट्रॅकवरच चालणाऱ्या गाडीला ठीक. एक्सपल्सला नको.

मागच्या टायरच्या बटणांची पुढची धार आधी गोल होते, मागची तशीच तीक्ष्ण राहते. साइडवॉलवर एकाच दिशेचा बाण नसेल तर टायर उलटा करून चढवा, बरंच आयुष्य परत मिळतं. हे धार निम्मी गेल्यावर करायचं. बटणं पूर्ण गोल झाल्यावर उलटवून काही हाती लागत नाही. हौशी चालवणाऱ्याचा योग्य निवडलेला मागचा टायर 10 ते 15 तास कामाची पकड देतो, थ्रॉटल उघडून वळणात चाक फिरवत ठेवणाऱ्याचा त्याच्या निम्मा.

परतीच्या आधी गाड्या धुताना बटणांच्या मधली माती पूर्ण काढा आणि मुळाशी अडकलेले खडे उपटा, ते पुढच्या वेळी आत घुसतात. टायरला चकाकी आणणारं तेलकट द्रव लावू नका. घरी आल्यावर गाडी स्टँडवर उचलून ठेवा आणि टायर उन्हापासून व इन्व्हर्टर-मोटरपासून दूर ठेवा. जायचा हंगाम ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत. ट्रॅकची वेळ आधी ठरवून घ्या आणि तिथली जमीन त्या आठवड्यात ओली आहे की कोरडी, हे फोनवर विचारूनच टायर चढवा.