पायवाटेवरच्या दूर्वा

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी घरातल्या सगळ्यांत बिनकामाच्या माणसाला दूर्वा आणायला पिटाळतात. मुंबईहून आलेला मी त्या जागेला अगदी योग्य. लहानपणी हे काम दहा मिनिटांचं होतं. गोठ्यासमोर फतकल मारून बसलं की उठेपर्यंत एकवीस-एकवीसच्या चार जुड्या तयार. यंदा तिथे कमरेएवढा टाकळा आणि त्याच्याही डोक्यावर रानमोडी. फांद्या बाजूला सारून खाली पाहिलं तर दूर्वा होत्या, पण फिकट, लांबुडक्या, दोन गाठींमध्ये चार बोटांचं अंतर. बाप्पाला वाहाव्यात असं रूप नव्हतं.

काका माटवीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या चौकटीला, कवंडळाची रानफळं बांधत होते. मान न वळवता म्हणाले, "थंय कित्या शोधतंस? आता ढोरां खंय आसत? वाटेर बघ."

ढोरं नाहीत, म्हणजे खाणारं तोंड नाही. मग गवत माजायला हवं ना? माझा हा शहरी हिशेब होता. पण गवताचा वाढीचा कोंब असतो तळाशी, मातीला चिकटून. वरचं पातं गाईने ओरबाडलं किंवा विळ्याने कापलं तरी खालून नवं सरकत येतं. टाकळ्याची वाढ शेंड्यात. गुरं त्याला तोंड लावत नाहीत हे खरं, पण गोठ्यासमोर खुरांखाली त्याचं कोवळं रोप टिकत नसे. त्यातून वाचलेलं आजी जूनमध्येच भाजीसाठी उपटून न्यायची. खोबरं घालून केलेली ती भाजी मला मुळीच आवडायची नाही. आपण दूर्वांच्या बाजूने जेवतो आहोत हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

दूर्वा तशी उन्हाची पोर. कडक ऊन, कातळ, तुडवणारे पाय, सगळं सोसेल. सावली मात्र सोसत नाही. गंमत म्हणजे शेजाऱ्याची सावली अंगावर पडायच्या आधीच झाडांना त्याची चाहूल लागते. हिरवं पान लाल प्रकाश पिऊन टाकतं आणि त्यापलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा अतिलाल प्रकाश परत फेकतं. हा फरक टिपणारं फायटोक्रोम नावाचं द्रव्य झाडांत असतं. शेजारी आला रे आला की गवत नवे फुटवे काढणं आवरतं घेतं आणि सगळी ताकद उंच व्हायला लावतं. गोठ्यासमोरच्या त्या लांबुडक्या दूर्वा म्हणजे हरत आलेली शर्यत होती.

भातही गवतच. त्याच्याकरता तर आपण ही शर्यत उघड उघड लबाडीने खेळतो. पेरणीआधी तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जागेवर कवळं, पातेरा, शेण घालून भाजावळ करायची, म्हणजे तणाचं बी जळतं. मग लावणीच्या शेतात चिखल करून वर पाणी उभं करायचं, म्हणजे तिथल्या तणाच्या बऱ्याचशा बियांना हवेअभावी रुजता येत नाही. आणि त्यांच्यात वीतभर उंचीचा तरवा आयता नेऊन लावायचा. तण शून्यावर, भात आधीच अर्ध्या वाटेवर. भाताची भाऊबंदकी मात्र उरतेच. दाट पेरलेला तरवा काडीसारखा बारीक होतो, हे लावणीला गेलेल्या कुणालाही सांगायला नको. चारसूत्री पद्धतीने भात लावणारे दोन चुडांत, म्हणजे रोपांच्या जुडग्यांत, 15 आणि 25 सेंटिमीटर असं आळीपाळीने अंतर राखायला सांगतात. काका पहिल्यांदा हसले होते; आता दोरी धरून लावतात.

रानमोडीपुढे मात्र सगळ्यांनी हात टेकलेत. ही अमेरिकेकडची पाहुणी. गुरं तिला हुंगून पुढे जातात. पड शेतात एकदा तिने जम बसवला की खाली गवताचं पातं दिसत नाही. आमच्या वरच्या दोन कुणग्यांत, भाताच्या वाफ्यांत, आता तीच.

शेवटी निघालो वाटेवर. वहाळाकडून एसटीच्या थांब्यापर्यंत जाणारी पायवाट. मधोमध पायांनी घासून निघालेली लाल माती आणि दोन्ही कडांना दूर्वा. आखूड, दाट, काळपट हिरव्या, गाठीला गाठ लागलेली. शाळेची पोरं, मोटारसायकली, मासेवाली, सगळ्यांनी तुडवलेल्या. तिथेच उकिडवा बसलो.

काकूने त्या तीनदा धुतल्या. "खंयसून हाडलंस?" म्हणाली.

"वाटेवरच्या."

"तरीच बऱ्या आसत." मग देवघरात बसून तिने जुड्या मोजल्या. शेवटचीत एकोणीसच. मी बॅटरी घेऊन पुन्हा वाटेला लागलो.